बाहेर उजळ, केबिनमध्ये काळपट: रेसिडेन्सीतल्या लँडस्केपचा रोजचा घोळ

जागेवर बसून केलेलं चित्र संध्याकाळी केबिनच्या भिंतीला टेकवलं की ते आपलंच आहे असं वाटत नाही. आकाश मळकट, झाडी काळीकुट्ट, पाण्यावरची चमक गायब. म्हणून दुसऱ्या दिवशी रंग पातळ लावावा, तर चित्र पांढरंफटक. तिसऱ्या दिवशी जंगलात बसावं, तर सगळीकडे तांबूस झाक. स्टेट पार्कमधल्या रेसिडेन्सीत (म्हणजे चित्रकाराला काही काळ तिथेच राहून काम करायला मिळतं त्या योजनेत) पहिल्या आठवड्यात हे हमखास होतं, आणि खापर फुटतं ते रंगांच्या ट्यूबवर, कागदावर, नाहीतर स्वतःच्या हातावर. बहुतेक वेळा खरा दोष कागदावर पडणाऱ्या उजेडाचा असतो.

इथली उदाहरणं अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पॉर्क्युपाइन माउंटन्स वाइल्डरनेस स्टेट पार्कची घेतली आहेत. लेक सुपीरिअरच्या दक्षिण काठावर, अप्पर पेनिन्सुलाच्या पश्चिम टोकाकडे असलेला हा पार्क १९४५ साली स्थापन झाला. क्षेत्रफळ साधारण ६०,००० एकर. तिथली रेसिडेन्सी ‘फ्रेंड्स ऑफ द पॉर्कीज’ ही संस्था चालवते. हा पार्क निवडण्याचं कारण एवढंच की उजेडाचे तीन अगदी वेगळे प्रकार इथे एकाच दिवसात भेटतात: उघडा कडा, हेमलॉक या सूचिपर्णी झाडांचं दाट रान आणि समुद्रासारखा मोकळा तलाव. नाशिकच्या किंवा वाईच्या घाटावर हात बसलेल्यांना इथे आणखी एक अडचण येते, ती सूर्याच्या उंचीची. ती पुढे येईलच.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

चित्र पूर्ण वाळू द्या. मग तीन ठिकाणी नेऊन पाहा. पहिलं, थेट उन्हात. दुसरं, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत, म्हणजे केबिनच्या उत्तरेच्या भिंतीलगत, झाडाखाली नव्हे. तिसरं, खोलीत, खिडकीपासून हातभर आत.

या तीन जागांमधला फरक डोळ्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. भर उन्हात साधारण १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, मोकळ्या सावलीत १०,००० ते २०,०००, आणि संध्याकाळी दिव्याच्या खोलीत १०० ते ३००. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना तर ५० लक्सच्या आसपासच उजेड देतात. डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक कळत नाही. पण उजेड कमी झाला की गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि रंगांचा तजेलाही उतरतो. उन्हात वेगवेगळ्या दिसलेल्या तीन गडद हिरव्या छटा खोलीत एकच काळा डाग होतात, ते यामुळे.

चित्र मोकळ्या सावलीत ठीक दिसतं आणि फक्त खोलीत काळं, तर चित्राला हात लावू नका, दिवा बदला. मोकळ्या सावलीतही काळं दिसलं, तर कागद उन्हात ठेवून रंगवला होता. तिन्ही ठिकाणी फिकट असेल, तर एकतर तुम्ही गर्द सावलीत बसून उन्हातलं दृश्य रंगवलंत किंवा ओला रंग पाहून टोन, म्हणजे रंग किती उजळ वा गडद ते, ठरवलात. तिन्ही ठिकाणी एकाच रंगाची झाक असेल, तर डोक्यावर पानं होती, नाहीतर रंगीत छत्री. तैलरंगात मात्र एक वेगळी खूण तपासा: चित्र तिरपं धरल्यावर काही गडद भाग चमकतात आणि काही खडूसारखे कोरडे दिसतात का? तसं असेल तर उजेडाचा काही संबंध नाही. पृष्ठभागाने तेल शोषलंय. त्याबद्दल शेवटी.

कागदावर ऊन: सर्वांत मोठं कारण

ऊन पडलेला पांढरा कागद इतका प्रखर असतो की त्यावर लावलेला कोणताही रंग विटलेला वाटतो. मग हात आपोआप रंग वाढवतो. चित्र जागेवर बरोबर दिसतं आणि घरात आणलं की एक-दोन पायऱ्या गडद निघतं. उलटही होतं. आपण गर्द सावलीत आणि समोरचं दृश्य उन्हात असेल, तर पॅलेटवरचा प्रत्येक रंग दृश्यापुढे काळा वाटतो, म्हणून आपण पाणी किंवा पांढरा वाढवत राहतो.

नियम साधा आहे: कागद आणि पॅलेट दोन्ही एकाच उजेडात, आणि तो उजेड मोकळ्या सावलीचा. पॅलेट उन्हात आणि कागद सावलीत ही सगळ्यात वाईट जोडी. मिसळलेला रंग कागदावर गेल्यागेल्या बदलतो आणि तुम्ही त्याच्यामागे धावत राहता.

नियम साधा, पाळणं कठीण. म्हणून जागेचा हिशोब आधीच करून ठेवावा. पार्काच्या आतल्या लेक ऑफ द क्लाउड्स या छोट्या तलावाच्या कड्यावर तुम्ही उत्तरेला उभे असता आणि तलाव खाली दक्षिणेला. म्हणजे दुपारी सूर्य समोर आणि बोर्डाची पाठ सूर्याकडे. पाठ सूर्याकडे असलेला बोर्ड आपोआप सावलीत असतो असं वाटतं, पण तसं नाही. बोर्डाचा जमिनीशी कोन सूर्याच्या उंचीपेक्षा जास्त असेल तरच त्याच्या पुढच्या बाजूला ऊन लागत नाही. हा पार्क साधारण ४६.८ अंश अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनला भर माध्यान्ही सूर्य ६६ ते ६७ अंशांवर असतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ४३ अंशांवर. तैलरंगवाला बोर्ड ७५ अंशांवर लावतो, त्याचं काम भागतं. जलरंगवाला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ओघळायला हवा म्हणून बोर्ड १५-२० अंशांवर ठेवतो आणि त्याच्या कागदावर पूर्ण ऊन येतं. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं चित्र बरोबर आणि दुसऱ्याचं काळं, याचं उत्तर हे.

जलरंगासाठी बोर्डाच्या वरच्या कडेला चिमट्यांनी उभा आडोसा लावता येतो. राखाडी किंवा पांढरा फोमबोर्ड चालतो. २८ × ३८ सेंमीचा आडवा पाव कागद २० अंशांवर असेल, तर सप्टेंबरअखेर १५ सेंमी उंचीचा आडोसा पुरतो. जूनच्या भर दुपारी मात्र ५० सेंमी लागतो, आणि कड्यावरच्या वाऱ्यात तो शिडासारखा बोर्ड घेऊन उडतो. जूनमध्ये तिथे दुपारी जलरंग करायचाच असेल तर छत्री लागेल.

छत्री पांढरी, अर्धपारदर्शक असावी, किंवा बाहेरून चंदेरी आणि आतून राखाडी अथवा काळी. समुद्रकिनाऱ्यावरच्या रंगीत छत्र्या, बागेतली हिरवी छत्री, कंपनीची जाहिरात छापलेली लाल-पिवळी छत्री, सगळ्या बाद. छत्री इझलला (चित्र ठेवायच्या घोडीला) बांधू नका. एका झोतात छत्री, इझल आणि चित्र तिन्ही जातात. वेगळ्या ट्रायपॉडला बांधा आणि त्याच्या मधल्या दांड्याला चार-पाच लिटर पाण्याची पिशवी लटकवा, जमिनीपासून जेमतेम बोटभर वर, म्हणजे ती झोके घेत नाही. खडकात खुंटी ठोकता येत नाही आणि पार्कात ठोकूही नये. छत्री उलटी व्हायला लागली की मिटा. कड्याखाली गेलेली छत्री कोणी आणून देत नाही.

लेक सुपीरिअरच्या काठावर नेमकं उलटं होतं. तलाव उत्तरेला, सूर्य पाठीमागे, बोर्डाचं तोंड दक्षिणेला. इथे बोर्ड कितीही उभा करा, ऊन पडणारच. स्वतःच्या सावलीचा आधार घ्यावा म्हटलं तर जूनच्या माध्यान्ही १.७ मीटर उंच माणसाची सावली जमिनीवर पाऊण मीटरभरच पडते. बोर्डाच्या उंचीवर ती ३० सेंमीसुद्धा भरत नाही, म्हणजे कागदापर्यंत पोचतच नाही. तेव्हा काठावर छत्री तरी हवी किंवा वेळ तरी निराळी. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य बराच वायव्येकडे सरकून मावळतो, म्हणजे शेवटच्या दीड-दोन तासांत तो डावीकडून तलावावर येतो आणि बोर्डाचं तोंड सावलीत जातं. काठावरची कामं त्या वेळेला ठेवा.

घड्याळावर विसंबू नका

आपल्याकडची ‘अकरा ते तीन ऊन कडक, तेव्हा बसू नये’ ही सवय इथे फसवते. पार्कचा बहुतेक भाग ऑन्टोनागॉन काउंटीत येतो आणि तिथे ईस्टर्न टाइम चालतो. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, त्यात हा भाग त्या वेळपट्ट्याच्या अगदी पश्चिमेला. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास. पुण्यात तो साडेबाराच्या आसपास येतो. कडक उजेडाची वेळ तिथे बारा ते चार समजा. जूनअखेरीस सूर्यास्त रात्री दहाला जरा कमी असताना, म्हणजे काम करण्याजोगी संध्याकाळ प्रचंड लांब.

आणखी एक गंमत आहे. प्रेस्क आइल नदीचं मुख शेजारच्या गोजेबिक काउंटीत आहे आणि तिथे सेंट्रल टाइम. एकाच पार्कात, एकाच दिवशी फोनचं घड्याळ तासाने मागे-पुढे होतं. काल चार वाजता धबधब्यावर जी सावली होती ती आज चार वाजता नाही, म्हणून चक्रावून जाणारे बरेच असतात. वहीत घड्याळाची वेळ लिहू नका. ‘माध्यान्हानंतर दोन तास’ असं लिहा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तास बसलात की सावल्या बऱ्याच फिरल्या. सुरुवातीच्या दहा मिनिटांत पेन्सिलीने सावल्यांच्या कडा आखून घ्या आणि नंतर त्या बदलू नका. चित्रात दोन दिशांच्या सावल्या दिसतात त्या रंग चुकल्यामुळे नव्हे, मध्येच मोह झाल्यामुळे. काम अर्धं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच सूर्यवेळेला परत या.

टोनची पट्टी: खरा उपाय

जागा नीट निवडूनही डोळा फसतोच. म्हणून निघण्याआधी खोलीत, दिवसाच्या उजेडात, एक पट्टी बनवा. ३०० जीएसएमच्या कागदाचा ३ × १८ सेंमी तुकडा, त्यावर २ सेंमीचे ९ चौकोन. पहिला कोरा कागद, नववा तुमच्या पॅलेटवर मिळणारा सर्वांत गडद रंग. जलरंगात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर घट्ट मिसळून तो मिळतो. मधल्या सात पायऱ्या सारख्या अंतराने चढवत न्या. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून प्रत्येक चौकोन वाळल्यावरच तपासा. चुकला तर नवा करा. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर कागद पंचिंग मशीनने भोक पाडा. लॅमिनेट करू नका, चकाकी येते आणि टोन वाचता येत नाही.

जागेवर पोचल्यावर डोळे किलकिले करून दृश्यातली सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा शोधा. कड्यावरून पाहताना उजळ म्हणजे पाण्यावरची चकाकी, गडद म्हणजे जवळच्या खडकातली भेग. या दोन्हींना १ आणि ९ द्या. बाकी सगळं त्यांच्या मधे बसवा: आकाश २, तलाव ३, पलीकडचा डोंगर ४, उन्हातला खडक ४, जवळचं हेमलॉक ७. पेन्सिल स्केचवर हे आकडे लिहून टाका. १ आणि ९ सोडून पाचपेक्षा जास्त आकडे नकोत; बारा आकडे लिहिणारा एकही पाळत नाही.

मग रंग मिसळताना दृश्याकडे पाहून नाही, आकड्याकडे पाहून मिसळा. कागदावर लावलेल्या, वाळलेल्या भागावर पट्टी ठेवा. भोकातून दिसणारा रंग आणि भोवतीचा चौकोन सारखे झाले की तो आकडा जमला. इथे उजेड कितीही असो, पट्टी आणि चित्र एकाच उजेडात आहेत, म्हणून तुलना खरी राहते. नाइलाजाने कागदावर ऊन घेऊन बसावं लागलं तरी ही युक्ती चालते. हातचा डोळा सोडून पट्टीवर भरवसा ठेवायला पहिल्यांदा जड जातं. उन्हात ५ नंबरचा रंग इतका फिका वाटतो की तो लावताना हात थरथरतो. तरी लावा.

पहिल्या थरात ७ च्या पलीकडे जाऊ नका. ९ शेवटी, तोही चार-पाच बारीक जागीच. कागदाच्या पांढऱ्यापासून काळ्या रंगापर्यंतचा आवाका जेमतेम वीस-पंचवीसपट असतो, तर उन्हातल्या पाण्याची चकाकी आणि हेमलॉकखालची सावली यांत हजारपटींचाही फरक असू शकतो. तो सगळा आवाका कागदावर मावणारच नाही. काय दाबायचं हे आधी ठरवलं नाही तर झाडी आपणहून काळी होते.

हेमलॉकच्या रानातली तांबूस झाक

दाट रानात कागदावर येणारा उजेड पानांतून गाळून आलेला असतो, म्हणजे हिरवट. डोळा थोड्या वेळात सरावतो आणि हिरवट कागदच पांढरा मानतो. मग रंग बरोबर दिसावेत म्हणून आपण नकळत तांबडा वाढवतो. बाहेर आणल्यावर खोड विटकरी आणि सावल्या जांभळट दिसतात. रंगीत छत्रीखालीही हेच होतं, आणि पिवळा किंवा लाल शर्ट घालून बोर्डासमोर बसलात तरी होतं. करडे, मातकट कपडे घाला. गडद रंगाकडे ब्लॅक फ्लाय (चावणाऱ्या बारीक माश्या) जास्त येतात, तेव्हा फिकट करडा बरा. गॉगल काढून ठेवा. पोलराइज्ड गॉगल तर पाण्यावरचं प्रतिबिंबच पुसून टाकतो.

झाक आहे की नाही ते तपासायला फोन पुरतो. कॅमेऱ्याच्या मॅन्युअल मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का करा आणि कोऱ्या कागदाचा फोटो घ्या, एक झाडाखाली, एक मोकळ्यात. ऑटोवर ठेवलात तर कॅमेराही डोळ्यासारखीच चूक दुरुस्त करून टाकेल आणि काही कळणार नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर हिरवा रंग स्पष्ट दिसतो.

उपाय: रानाच्या कडेला, जिथून वर आकाशाचा तुकडा दिसतो तिथे तीन-चार मीटर सरका. पायवाटेच्या रुंद जागा, पडलेल्या झाडामुळे झालेली मोकळीक, नदीचा काठ. बोर्डाच्या अगदी वर पांढरी छत्री धरली तरी हिरवी झाक पुरती जात नाही. सरकणं शक्यच नसेल तर घरी केलेलं रंगांचं कार्ड सोबत ठेवा: तुमच्या दहा-बारा मिश्रणांचे नमुने, खाली प्रमाण लिहिलेलं. हेमलॉकच्या खोडासाठी ‘बर्न्ट सिएना दोन भाग, अल्ट्रामरीन एक भाग’ असं कार्ड सांगतंय आणि डोळा म्हणतोय आणखी तांबडा घाल, तर कार्डाचं ऐका.

प्रेस्क आइलचं तपकिरी पाणी

या नदीचं पाणी चहाच्या रंगाचं आहे, कारण दलदलीतल्या आणि रानातल्या कुजलेल्या पानांतलं टॅनिन त्यात उतरतं. मॅनाबेझो, मॅनिडो, नावाडाहा हे तिन्ही धबधबे गर्द घळीत. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, पाणी म्हणून निळ्याने सुरुवात करायची आणि मग त्यावर तपकिरी चढवायची, रंग मळतो. त्याऐवजी कोऱ्या कागदावर थेट पारदर्शक तपकिरी लावा: बर्न्ट सिएनात थोडा क्विनाक्रिडोन गोल्ड किंवा रॉ सिएना. पाणी खोल होतं तिथे त्याच ओल्या रंगात अल्ट्रामरीन सोडा. एकाच वॉशमध्ये उरकलं तर तळ दिसतो, तीनदा हात फिरवला तर चिखल.

दुसरी चूक फेसाची. फेस पांढरा म्हणून कोरा कागद सोडतात आणि तो भोकासारखा दिसतो. घळीतला फेस सावलीत असतो, त्याचा आकडा ३ किंवा ४, त्यात आकाशाचा निळसर अंश. कोरा कागद फक्त जिथे उन्हाची तिरीप पडलीय तिथेच. तसंच काठचा ओला नॉनसच शेल हा गडद करडा खडक ९ नाही. ओल्या खडकावर आकाश चमकतं, म्हणून वरच्या सपाट बाजू ५ किंवा ६ आणि फक्त खालच्या उभ्या बाजू ८. रांजणखळग्यांच्या कडाही अशाच: वरचा ओठ उजळ, आतली भिंत गडद. हा फरक ठेवला नाही तर सगळा खडक एक काळा ढिगारा होतो, आणि मग पुन्हा ‘केबिनमध्ये काळपट दिसतं’ ही तक्रार.

वाळताना बदलणारे टोन

जलरंग वाळून फिकट होतो. पट्टीवर मोजलं तर सहसा एक पायरी, घट्ट गडद रंगात त्याहून जास्त. ॲक्रिलिक उलट गडद होतं. गुआशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) गडद छटा फिक्या आणि फिक्या छटा गडद होतात. तलावावर धुकं आलं की वॉश वाळतच नाही आणि तुम्ही तासभर ओल्या, गडद दिसणाऱ्या रंगावर निर्णय घेत बसता. सोबत त्याच कागदाचा तुकडा ठेवा, प्रत्येक मिश्रणाचा एक फराटा त्यावर मारा आणि तो शर्टाच्या खिशात टाका. अंगाच्या उबेने लवकर वाळतो. कागदाची चमक जाऊन तो मंद झाला तरी आत ओल असते. बोटांची मागची बाजू कागदाजवळ धरा. गार लागलं तर अजून ओला आहे. ओल्यात दुसरा थर गेला की पहिला उचकटतो आणि रंग मळतो. लवकर वाळावं म्हणून गॅसचा बर्नर रानात पेटवू नका. बोर्ड पाठीमागून उन्हाला धरा किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून हीटर लावा.

वॉश धरतच नाही, ठिपके पडतात

उजेडाशी संबंध नाही, पण मे-अखेर ते जून ब्लॅक फ्लायच्या दिवसांत ही तक्रार जोडीने येते. हातावरचं कीटकरोधक कागदाला लागलं की तिथे पाणी धरत नाही. बोटांचे ठसे पांढरे उमटतात. त्यात डीट हे रसायन असेल तर ते प्लॅस्टिक विरघळवतं: पॉलिस्टायरीनचं पॅलेट चिकट होतं, चष्म्याच्या फ्रेमवर डाग पडतात, रंगपेटीचं व्हार्निश उठतं. पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. पिकॅरिडिन असलेलं वापरा. ते प्लॅस्टिकला अपाय करत नाही. लावल्यावर तळवे आणि बोटं साबणाने धुवा, मगच कागद उघडा. डोक्यावर जाळी घेणार असाल तर काळी घ्या. पांढऱ्या जाळीवर ऊन पडलं की समोर धुकं पसरल्यासारखं दिसतं आणि टोन वाचणं बंद.

केबिनमधला दिवा

रानातल्या केबिनमध्ये बहुधा वीज नसते, असली तर एखादा पिवळा बल्ब. २७०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात निळे रंग मरतात आणि हिरवे करडे होतात. कंदील-मेणबत्तीत तर निकाल देऊच नका. डोक्याला बांधायच्या स्वस्त एलईडीचा उजेड निळसर असतो आणि त्यात तांबडे रंग मातीसारखे दिसतात. ४००० ते ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा बॅटरीवर चालणारा दिवा घ्या आणि तो चित्रापासून इतक्या अंतरावर ठेवा की फोनच्या लक्समापक ॲपवर ५०० च्या आसपास आकडा येईल. ॲप काटेकोर नसतं, पण इतक्यापुरतं चालतं. दुरुस्तीचा निर्णय तरी सकाळीच, उत्तरेच्या सावलीत.

काळं झालेलं चित्र सुधारताना

जलरंगात रंग उचलता येतो, पण कोणता हे महत्त्वाचं. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना ओल्या सपाट सिंथेटिक ब्रशने बऱ्यापैकी निघतात. थॅलो निळा-हिरवा आणि क्विनाक्रिडोन कागदात मुरतात. कडक सायझिंगच्या (पाणी लगेच मुरू न देणाऱ्या लेपाच्या) कॉटन कागदावर उचलणं जमतं, मऊ हँडमेड कागदावर दोन फराट्यांत लोकर निघते. सगळं चित्र उजळू नका. फक्त मधल्या छटा, म्हणजे ५-६, एक पायरी वर आणा. ८-९ आहेत तिथे राहू द्या. तेवढ्याने उजेड परत येतो. तांबूस झाकेवर अगदी पातळ विरिडियनचा थर चालतो, पण त्याने चित्र आणखी एक पायरी गडद होतं, तेव्हा आधीच काळं असेल तर तो मार्ग बंद.

तैलरंगात त्याच संध्याकाळी मधल्या छटा पॅलेट नाइफने खरवडून पुन्हा लावा. खरवडलेल्या जागेवर बोर्डाचा रंग थोडा दिसू द्या. वाळल्यावर गडद भाग खडूसारखे झाले असतील तर तेल शोषलं गेलंय. हाताला कोरडं लागल्यावर स्टँड ऑइल (तापवून घट्ट केलेलं जवसाचं तेल) आणि वासरहित स्पिरिट समप्रमाणात मिसळून कापडाने अगदी पातळ फासा आणि पाच मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या. रंगांचा गडदपणा परत येतो. पुढच्या वेळी बोर्डाला ॲक्रिलिक गेसोवर (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तरावर) तैलरंगाचं प्रायमर द्या, ते कमी शोषतं. तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून लाकडी केबिनच्या कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती कोंडली की चिंधी आपोआप पेट घेते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. ब्रश धुतलेलं पाणी ओढ्यात ओतू नका. बाटलीत भरून आणा, गाळ खाली बसू द्या आणि तो कचऱ्यात टाका.

बऱ्याच रेसिडेन्सींत शेवटी एक चित्र पार्कला द्यायचं असतं आणि ते घरातल्या भिंतीवर, बेताच्या उजेडात लागतं. कोणतं द्यायचं हे ठरवताना सगळी चित्रं खिडकीपासून दोन मीटर आत, दिवा न लावता, एका ओळीत ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहा. पाण्याची रेघ तिथून वाचता येत नसेल तर ते चित्र बाजूला काढा.